‘एकही उड्डाण फसलेलं नाही, मग माणूस बसवायला इतकी वर्षं का?’

प्रश्न नांदेडच्या एका विद्यार्थ्याचा आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे तो. थोडक्यात असा: "चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटने गेलं तेच गगनयानासाठी, म्हणजे आपल्या माणसांना अंतराळात नेणाऱ्या मोहिमेसाठी वापरणार आहेत. त्याचं एकही उड्डाण फसलेलं नाही. मग माणूस बसवण्याआधी इतकी वर्षं कसल्या चाचण्या? स्पेसएक्स रॉकेट फोडतं, शिकतं आणि पुढचं उडवतं. आपण जास्तच घाबरतो का? आणि सर, तुम्ही स्वतः त्यात बसाल का?"

मी ३१ वर्षं रॉकेट इंजिनांच्या चाचण्यांवर काम केलं. त्यातला बहुतेक काळ जमिनीवरच गेला, टेस्ट स्टँडपासून सुरक्षित अंतरावरच्या काँक्रीटच्या खोलीत, पडद्यावरच्या रेषा बघत. त्यामुळे माझं उत्तर जमिनीकडे झुकणारं असेल, हे आधीच सांगतो. ज्यांनी आयुष्य उड्डाण-नियंत्रणात काढलं ते कदाचित दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतील.

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: यशस्वी उड्डाणांची संख्या बघून रॉकेट माणसासाठी तयार आहे की नाही हे ठरवता येतं का?

आधी हिशेब करू, तुम्हाला तो वहीत करता येईल. १८ डिसेंबर २०१४ च्या पहिल्या प्रायोगिक उड्डाणापासून १४ जुलै २०२३ च्या चांद्रयान-३ पर्यंत एलव्हीएम-३ ची सात उड्डाणं झाली, सातही यशस्वी. आता असं एक रॉकेट कल्पा, जे दर शंभर उड्डाणांत पस्तीस वेळा फसतं. अशा रॉकेटवर कुणी आपला उपग्रहही ठेवणार नाही. पण ते लागोपाठ सात वेळा यशस्वी होण्याची शक्यता किती? ०.६५ चा सातवा घात काढा, जवळजवळ ०.०५ येतो, म्हणजे वीसात एक. तेव्हा नुसत्या सात यशांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की या रॉकेटची विश्वासार्हता ६५ टक्क्यांच्या वर आहे. ९९ टक्के विश्वासार्हता याच पद्धतीने सिद्ध करायची तर एकही अपयश न येता २९९ उड्डाणं लागतील. आपलं हे रॉकेट वर्षाला फार तर दोन-तीन वेळा उडतं.

एलव्हीएम-३ कमकुवत आहे, असा याचा अर्थ घेऊ नका. त्याच्या क्षमतेबद्दल मला शंका नाही. पण ती खात्री उड्डाणांच्या मोजणीतून आलेली नाही आणि येऊही शकत नाही. ती दुसरीकडून आणावी लागते. तुम्ही विचारलेली ‘इतकी वर्षं’ त्यातच गेली.

यश दिसतं तितकं बोलकं नसतं, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६ चं ते अमेरिकेच्या स्पेस शटलचं पंचविसावं उड्डाण. आधीची चोवीसच्या चोवीस अंतराळवीरांना घेऊन सुखरूप परतली होती. पण घन इंधनाच्या बूस्टरच्या सांध्यांतली रबरी ओ-रिंग गरम वायूने खाल्ली जात असल्याचं १९८१ सालच्या दुसऱ्याच उड्डाणानंतर दिसलं होतं, आणि नंतरही अनेकदा दिसत राहिलं. प्रत्येक वेळी यान परत आलं, आणि प्रत्येक परतीबरोबर ‘एवढं चालतं’ ही समजूत पक्की होत गेली. त्या सकाळी तापमान जेमतेम २ अंश सेल्सिअस होतं. थंडीत रबर कडक झालं, सांधा वेळेत बंद झाला नाही आणि ७३ व्या सेकंदाला सात माणसं गेली. ती आधीची चोवीस उड्डाणं चोवीस इशारे होती असं मी म्हणणार नाही. त्यातल्या काहींत इशारा होता आणि तो कागदावर नोंदलेलाही होता, हे मात्र खरं आहे.

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. एका द्रव इंधनाच्या इंजिनाची पूर्ण कालावधीची चाचणी होती. थ्रस्ट (इंजिनाचा रेटा), दाब, तापमान सगळं मर्यादेत राहिलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटून झाले. आमच्या गटात कंपनांची नोंद तपासणाऱ्या एक बाई होत्या, मला बऱ्याच ज्येष्ठ. त्यांनी सही केली नाही. टर्बोपंपाच्या, म्हणजे इंधन जोराने इंजिनात ढकलणाऱ्या पंपाच्या, आवरणावरच्या एका सेन्सरच्या रेषेत, इंजिन सुरू होतानाच्या क्षणी, एक छोटासा उंचवटा होता. तोही ठरलेल्या मर्यादेच्या आतच होता, पण त्याच इंजिनाच्या आधीच्या चाचण्यांत तो नव्हता. बाईंचं म्हणणं एवढंच: "मर्यादेत आहे हे कळलं. कालपर्यंत नव्हता, तो आज का आला, ते सांगा." दोन दिवस वाद चालला. वेळापत्रक मोडणार म्हणून चिडलेल्यांत मीही होतो. शेवटी पंप उघडला. आतलं एक सील एका बाजूने घासलेलं निघालं, कारण जुळणी करताना एक चकती ठरल्यापेक्षा किंचित जाड बसली होती. त्या चाचणीत ते निभावलं. आणखी दोन-तीन चाचण्यांत निभावलं असतं का, ते मला ठाऊक नाही. उपग्रहाच्या उड्डाणात कदाचित तो उंचवटा ‘मर्यादेत’ म्हणून सुटून गेला असता. माणूस बसणार असेल तर सुटता कामा नये. ह्यूमन रेटिंग, म्हणजे रॉकेट माणूस नेण्यायोग्य ठरवणं, हा शब्द तुम्ही वाचला असेल. माझ्या दृष्टीने त्याचा निम्मा अर्थ त्या बाईंच्या त्या वाक्यात आहे.

उरलेला निम्मा अर्थ फरकाबद्दल आहे: इंजिन जिथे चालतं आणि जिथे मोडतं, त्या दोन जागांमध्ये अंतर किती? उड्डाणात तुम्हाला एकच बिंदू दिसतो. त्या दिवशीचं तापमान, त्या दिवशीचं मिश्रणाचं प्रमाण, त्या दिवशीचा टाकीतला दाब. कडा कुठे आहे ते उड्डाण सांगत नाही. कडा शोधायची तर इंजिन जमिनीवर बांधून ठेवावं लागतं, इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) यांचं प्रमाण मुद्दाम बिघडवावं लागतं, दाब वर-खाली करावा लागतो, नेहमीपेक्षा गरम किंवा थंड इंधन द्यावं लागतं आणि मग बघावं लागतं.

एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यातलं सीई-२० हे क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणारं) इंजिन एका उड्डाणात साधारण साडेदहा मिनिटं चालतं. मानवी उड्डाणासाठी त्याने जमिनीवर किमान ६,३५० सेकंद चालून दाखवावं, असा निकष होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात हे काम पूर्ण झालं तेव्हा चार इंजिनांच्या मिळून ३९ चाचण्या आणि ८,८१० सेकंद झाले होते, म्हणजे जवळजवळ अडीच तास. सात उड्डाणांत हे इंजिन एवढं चाललेलंच नाही. त्यात पहिल्या, २०१४ च्या उड्डाणात तर ते चालूच केलं नव्हतं. वरचा टप्पा तेव्हा निष्क्रिय होता. तुमच्या ‘सात यशस्वी’ मधून या इंजिनापुरतं एक आत्ताच वजा झालं, हे लक्षात आलं का? उड्डाणं मोजताना नेमकं काय उडालं तेही बघावं लागतं.

मात्र जमिनीवर सगळं कळतं, असंही नाही. माझ्याच क्षेत्राची ही मर्यादा मला एका जुन्या घटनेने शिकवली. ४ एप्रिल १९६८ ला सॅटर्न-५ या अमेरिकेच्या चांद्रमोहिमेच्या रॉकेटचं दुसरं उड्डाण झालं, अपोलो-६, आत माणूस नव्हता. दुसऱ्या टप्प्यातली दोन इंजिनं बंद पडली आणि तिसऱ्या टप्प्याचं इंजिन पुन्हा पेटलंच नाही. मूळ सापडलं ते एका बारीक नळीत. प्रज्वलकाला इंधन नेणारी ही नळी हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेली, लवचिक होती. जमिनीवर शेकडो वेळा ती नीट चालली होती. का? आतून वाहणाऱ्या द्रव हायड्रोजनमुळे नळी इतकी थंड व्हायची की बाहेरची हवाच तिच्यावर गोठायची, आणि तो थर कंपनं शोषून घ्यायचा. वर पोकळीत हवाच नाही. थर जमला नाही, नळी थरथरत राहिली आणि तुटली. निर्वात कक्षात चाचणी घेतल्यावर त्यांना हे डोळ्यांनी दिसलं. दुसऱ्या इंजिनाचं कारण आणखी साधं होतं: तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या आणि बिघडलेलं इंजिन बंद करण्याची आज्ञा शेजारच्या धडधाकट इंजिनाला गेली.

त्यापुढचं सॅटर्न-५ उडालं ते थेट माणसं घेऊन, डिसेंबर १९६८ मध्ये, चंद्राच्या कक्षेपर्यंत. म्हणजे दोनच रिकामी उड्डाणं, त्यातलं दुसरं अर्धवट बिघडलेलं, आणि तिसऱ्यात तीन माणसं. तुम्ही म्हणाल, मग आपण का नाही? कारण मधल्या साडेआठ महिन्यांत प्रत्येक बिघाडाचं कारण जमिनीवर पुन्हा घडवून दाखवलं गेलं होतं. ज्याचं कारण कळलं ते अपयश, ज्याचं कारण कळलं नाही त्या यशापेक्षा जास्त आधार देतं. हे वाक्य मी नव्या मुलांना सांगायचो तेव्हा ती हसायची. पहिली चाचणी फसल्यावर हसायची थांबायची.

आता एलव्हीएम-३ चा खास प्रश्न. याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे बूस्टर आहेत, प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन. उड्डाण होतं ते या दोघांच्याच जोरावर. मधल्या भागातली ‘विकास’ नावाची द्रव इंधनाची इंजिनं जवळजवळ पावणेदोन मिनिटांनी पेटतात. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. द्रव इंजिनात काही चुकलं तर व्हॉल्व्ह बंद करता येतो, इथे बंद करायला काहीच नाही. शिवाय हा बूस्टर तुकड्यातुकड्यांनी जोडलेला आहे, म्हणजे त्याला सांधे आहेत. चॅलेंजरची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. मानवी उड्डाणासाठीच्या बूस्टरमध्ये सांध्यांसाठी जादा सुरक्षा, अधिक भक्कम उष्णतारोधक थर आणि नवी प्रज्वलन यंत्रणा आली. तो १३ मे २०२२ ला श्रीहरिकोट्याला आडवा बांधून १३५ सेकंद जाळून बघितला. बाहेरून बूस्टर तोच, तोच ३.२ मीटरचा व्यास. पण चांद्रयानाला नेणारा आणि हा, दोन्ही एकच आहेत असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही.

आपल्या महाराष्ट्राचा यातला वाटा तुम्हाला जवळून बघता येईल. विकास आणि सीई-२० इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात, वालचंदनगरला रॉकेट मोटरची आवरणं बनतात. संधी मिळाली तर अशा एखाद्या कारखान्यात जा आणि फक्त वेल्डिंगची कागदपत्रं बघा. एका जोडाचा एक्स-रे, तो कुणी काढला, कुणी वाचला, धातू कोणत्या ओतणीतला, दुरुस्ती झाली असेल तर किती वेळा. हे सगळं वर्षानुवर्षं जपावं लागतं. मानवी उड्डाणाच्या खर्चातला आणि वेळेतला मोठा भाग या न दिसणाऱ्या कामात जातो. त्याचे व्हिडिओ निघत नाहीत म्हणून बाहेरून वाटतं की काही चाललेलंच नाही.

एवढं करूनही रॉकेट फसू शकतं. म्हणून मानवी मोहिमेत एक दुसरं, छोटं रॉकेट बनवावं लागतं, ज्याचं काम पहिल्यापासून पळून जाणं हे असतं. टोकावर बसवलेली क्रू एस्केप सिस्टिम ती हीच. यशस्वी उड्डाणात ती न वापरताच टाकून दिली जाते. त्यामुळे तुमची सातच्या सात यशस्वी उड्डाणं तिच्याबद्दल काहीही सांगत नाहीत. सातशे झाली असती तरी सांगितलं नसतं. तिला वेगळंच उडवावं लागतं, आणि तेही मुद्दाम संकट निर्माण करून.

५ जुलै २०१८ ला श्रीहरिकोट्याला पहिली परीक्षा झाली: रॉकेट तळावरच उभं असताना काही बिघडलं तर? साडेबारा टनांचं यान सात घन मोटरांनी २.७ किलोमीटर वर उचललं आणि पॅरॅशूटने समुद्रात उतरवलं, सगळं २५९ सेकंदांत. दुसरी परीक्षा जास्त अवघड. हवेत, ध्वनीच्या वेगाच्या आसपास, जिथे हवेचा रेटा सगळ्यात वाईट वागतो, तिथे सुटका होते का? यासाठी अख्खं एलव्हीएम-३ खर्ची घालणं परवडणारं नाही. म्हणून विकास इंजिनावरचं एक-टप्प्याचं स्वस्त चाचणी-रॉकेट बनवलं. २१ ऑक्टोबर २०२३ ला ते उडायचं होतं. उलटी मोजणी संपायला पाच सेकंद असताना संगणकाने स्वतःहून थांबवलं. कारण शोधून ते दूर केलं आणि १० वाजता उड्डाण झालं. ध्वनीच्या १.२ पट वेगाला, सुमारे १२ किलोमीटर उंचीवर यान सुटलं, पॅरॅशूट उघडले आणि ते बंगालच्या उपसागरात उतरलं. त्या दिवशी टीव्हीवर सगळे यशस्वी सुटकेबद्दल बोलत होते. मला मात्र त्या पाच सेकंदांवरच्या थांब्याचा आनंद जास्त झाला. चुकीची शंका आली तरी थांबणारी यंत्रणा हवी, कारण जमिनीवर थांबण्याची किंमत दोन तास असते.

नंतर नौदलाने यान गाठलं तेव्हा ते पाण्यात उलटं तरंगत होतं. अपोलो-११ चं यानही समुद्रात आधी उलटंच झालं होतं; फुगे फुगवून ते सरळ झालं. आपल्या यानालाही तशी सरळ करणारी यंत्रणा लागणार. हे कागदावर ठाऊक होतंच, पण समुद्राने ते दाखवल्यावर त्याची तातडी वेगळी होते.

सुटका यंत्रणेची माझी सगळ्यात आवडती चाचणी मात्र आपली नाही. १९ मे १९६५ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोत अपोलोची सुटका यंत्रणा तपासायला लिटल जो-२ नावाचं छोटं रॉकेट उडवलं. ठरलं होतं ते बऱ्याच उंचीवर सुटका करायचं. पण ते रॉकेटच उड्डाणानंतर लगेच गरगर फिरायला लागलं आणि हवेत तुटलं. सुटका यंत्रणेने ते ओळखलं आणि यान ओढून बाजूला नेलं. चाचणी ठरल्याप्रमाणे झाली नाही. जे सिद्ध करायचं होतं ते मात्र खोट्या संकटाऐवजी खऱ्या संकटात सिद्ध झालं.

यातला एक पैलू बाहेर फार बोलला जात नाही. सुटका यंत्रणा हाही एक धोका आहे. ती घन इंधनाची भरलेली मोटर आहे आणि माणसांच्या डोक्यावर आहे. २१ नोव्हेंबर १९६० ला अमेरिकेचं मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेट तळावरून जेमतेम चार इंच उचललं गेलं. जमिनीशी जोडणारे प्लग ठरल्या क्रमाने सुटले नाहीत, म्हणून इंजिन बंद झालं आणि रॉकेट परत खाली बसलं. यंत्रणेला वाटलं मोहीम पुढे सरकली; टोकावरचा मनोरा एकटाच उडून गेला आणि यान जागच्या जागी पॅरॅशूट सोडून बसलं. डिसेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत संघात याहून वाईट झालं. सोयूझ यानाचं एक मानवरहित उड्डाण तळावरच रद्द झालं होतं आणि माणसं जवळ गेली होती. यानातले जायरो, म्हणजे दिशा आणि कल मोजणारी उपकरणं, चालूच होते. मधल्या वेळात पृथ्वी फिरली, तेवढा कोन यंत्रणेने रॉकेट कलंडल्याचा मानला आणि मोटर पेटली. त्या आगीत माणूस गेला. म्हणून ‘कधी पळायचं’ हे ठरवणारं सॉफ्टवेअर आणि सेन्सर यांच्यावर पळणाऱ्या मोटरपेक्षा जास्त मेहनत जाते. लवकर पळालं तर चांगली मोहीम वाया, उशीर झाला तर माणसं गेली, आणि निर्णयाला सेकंदाचा काही भागच मिळतो. तो निर्णय कुठल्याही एका सेन्सरवर सोडता येत नाही.

इथे जरा थांबून धागा जुळवतो. उड्डाणांची मोजणी पुरत नाही कारण संख्या लहान आहे. यशात दोष लपू शकतो. कडा कुठे आहे ते उड्डाणात दिसत नाही. आणि सुटका यंत्रणेची परीक्षा यशस्वी उड्डाणात होतच नाही. आता स्पेसएक्सकडे येऊ.

‘फोडा आणि शिका’ हे तुम्ही त्यांच्या स्टारशिप रॉकेटच्या व्हिडिओंवरून म्हणत असाल. स्टारशिपच्या त्या उड्डाणांत माणूस नसतो, आणि त्यांच्याकडे पुढचं रॉकेट तयार उभं असतं. रॉकेट स्वस्तात आणि भराभर बनत असेल तर उडवून शिकणं खरोखरच शहाणपणाचं आहे. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण याच कंपनीने माणसं पाठवली ती कशी, ते बघा. त्यांच्या फाल्कन-९ रॉकेटचा २०१५ आणि २०१६ साली हेलियमच्या टाक्यांशी संबंधित कारणांनी दोनदा स्फोट झाला होता, दुसरा तर तळावर इंधन भरताना. त्यानंतर नासाने अट घातली: रॉकेटची रचना गोठवा, तिच्यात बदल न करता सात उड्डाणं करून दाखवा, मगच माणसं. मे २०२० मध्ये दोन अंतराळवीर बसले तोवर फाल्कन-९ ची ८० हून जास्त उड्डाणं झाली होती.

आणि तरीही सगळ्यात मोलाचा धडा मिळाला तो जमिनीवर. मार्च २०१९ मध्ये त्यांचं ड्रॅगन यान माणसाविना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन सुखरूप परत आलं. मोहीम उत्तम झाली. तेच यान २० एप्रिलला जमिनीवर सुटका-इंजिनांच्या चाचणीसाठी बांधलं होतं आणि इंजिनं पेटायच्या आधीच ते फुटून ठिकऱ्या झालं. एका व्हॉल्व्हमधून थोडा ऑक्सिडायझर हेलियमच्या नळीत झिरपला होता. दाब दिल्यावर तो द्रव गोळीसारखा टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर आदळला आणि टायटॅनियम पेटलं. असं होऊ शकेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. व्हॉल्व्हच्या जागी फुटून उघडणाऱ्या चकत्या बसवल्या, जानेवारी २०२० मध्ये उड्डाणातली सुटका तपासली आणि मग माणसं गेली. म्हणजे धाडसी म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांनीही शेवटी तोच रस्ता धरला. त्यांचा वेग जास्त होता, कारण त्यांची उड्डाणं जास्त होती.

म्हणून ‘कुणाची पद्धत बरोबर’ याला माझं उत्तर ‘परिस्थितीवर आहे’ असंच राहील. वर्षाला पन्नास रॉकेट बनवत असाल तर आकाश ही प्रयोगशाळा होऊ शकते. दोन बनवत असाल तर प्रत्येक उड्डाणातून मिळणारी माहिती आधी जमिनीवर कमवावी लागते. द्रव इंधनाचं रॉकेट असेल तर उडायच्या आधी तेच इंजिन चालवून बघता येतं. घन बूस्टर एकदा जाळला की संपला, उडणारा नेहमी नवाच असतो, त्यामुळे तिथे विश्वास उत्पादनाच्या शिस्तीवर ठेवावा लागतो. पहिल्यापासून माणसासाठी आखलेलं रॉकेट वेगळं, आणि उपग्रहासाठी बनवून नंतर माणसासाठी बदललेलं वेगळं. आपलं दुसऱ्या प्रकारचं आहे.

पॅरॅशूटचं मी मुद्दाम थोडक्यात ठेवतो, कारण तो माझा विषय नाही. गगनयानाला दहा पॅरॅशूट आहेत, त्यातले तीन मुख्य, आणि तिघांपैकी दोन उघडले तरी यान सुरक्षित उतरू शकतं. ते ‘दोन उघडले तरी’ नुसतं गणितात धरून चालत नाही. एक मुद्दाम न उघडता उतरवून बघावं लागतं. विमानातून, हेलिकॉप्टरमधून वजनं आणि नमुना-यानं टाकून या चाचण्या झाल्या. २४ ऑगस्ट २०२५ ला चिनूक हेलिकॉप्टरने सुमारे तीन किलोमीटरवरून यानाचा नमुना सोडला होता. या कामातल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. कापडाचं वागणं धातूपेक्षा कितीतरी लहरी असतं.

आता घाबरण्याबद्दल. हो, आम्ही घाबरायचो. चाचणीच्या आदल्या रात्री झोप न लागणं हे नित्याचं होतं. पण त्या भीतीपायी चाचण्या लांबल्या असं मला दिसलेलं नाही. वेळ गेला तो प्रत्येक उंचवट्याचं कारण शोधण्यात, काही वेळा पैशाच्या मंजुरीत, काही वेळा एखादा सुटा भाग देशात पहिल्यांदाच बनवण्यात. यातला कुठला उशीर टाळता आला असता यावर मतभेद होऊ शकतात, आणि माझी स्वतःची मतं तिथे तीव्र आहेत. पण चाचण्या कमी करून वेळ वाचवावा, हे मला एकदाही पटलं नाही.

शेवटचा प्रश्न, मी बसेन का. माझं वय आता कुणी मला बसवेल असं नाही, पण प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून विचार करून उत्तर देतो. मी किती उड्डाणं यशस्वी झाली ते विचारणार नाही. मी विसंगतींची यादी मागेन: विकासाच्या सगळ्या वर्षांत, प्रत्येक चाचणीत, जे जे अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं त्याची नोंद. यादी छोटी असेल तर मला काळजी वाटेल, कारण इतक्या मोठ्या यंत्रात थोड्याच गोष्टी विचित्र वागल्या हे मी मान्य करणार नाही. यादी लांबलचक असेल, प्रत्येक नोंदीसमोर कारण लिहिलेलं असेल, ते कारण जमिनीवर पुन्हा घडवून पाहिलेलं असेल आणि खाली सही असेल, तर बसेन. आणि काही नोंदींसमोर अशीही शेरेवजा ओळ सापडली की ‘मर्यादेत आहे, पण आधी नव्हतं, उघडून पाहा’, तर पट्टे आवळताना माझा हात थरथरणार नाही.